हरिहरच्या पायऱ्यांवर पाय का थरथरतात?

सुट्टीच्या दिवशी हरिहर गडाच्या कातळजिन्यावर एक दृश्य हमखास दिसते. तरुणांचा घोळका भराभर वर सरकत असतो आणि मधल्याच पायरीवर कुणीतरी थिजलेले असते. बोटे खोबणीत रुतलेली, डोळे गच्च मिटलेले; ना वर जाता येत, ना खाली. ‘अरे चल, काही होत नाही!’ असा धीर खालून मिळतो, वरचे खोळंबतात. त्या माणसाला भीतीपेक्षा लाज जास्त छळत असते. खरे तर लाजण्यासारखे त्यात काहीच नाही.

हरिहर ऊर्फ हर्षगड नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळ आहे. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीहून येणारी वाट तशी साधी आहे. कस लागतो तो शेवटच्या कातळात. सुमारे ८० अंशांत उभ्या कोरलेल्या पायऱ्या आणि बोटे अडकवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ मध्ये हा गड इंग्रजांच्या हाती गेला, पण पायऱ्या शाबूत राहिल्या.

उभा असलेला माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. अंग किंचित पुढेमागे झुलत असते. हे झुलणे मेंदूला तीन ठिकाणांहून कळते: कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातून, तळपाय व सांध्यांतून आणि डोळ्यांतून. डोके जरासे हलले की जवळची भिंत किंवा झाड नजरेत सरकते आणि मेंदू तोल सावरतो. दूरची वस्तू मात्र सरकत नाही. धावत्या एसटीतून रस्त्याकडेचे खांब मागे पळतात, लांबचा डोंगर जागचा हलत नाही, तसेच हे. कड्यावर समोर जवळचे काहीच नसते. कान सांगतो, ‘तू झुलतोयस’. डोळे म्हणतात, ‘छे, सगळे स्थिर आहे.’ या गोंधळात झुलणे वाढते आणि भोवळ आल्यासारखे होते. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही उकल मांडली. थोडक्यात, थोडीशी भोवळ कुणालाही येते. काहींच्या बाबतीत तिच्यावर भीती स्वार होते, एवढेच. ब्रांट यांच्याच गटाच्या जर्मनीतील पाहणीत २८ टक्के प्रौढांनी उंचीचा त्रास कधी ना कधी झाल्याचे सांगितले होते.

भीती स्वार झाली की मांड्या-पोटऱ्यांचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळतात. पाय लाकडासारखे होतात, मग थरथरतात. श्वास उथळ होतो. नजर क्षितिजावर खिळते, म्हणजे नेमकी दूर, जिथून तोलाला काहीच मदत मिळत नाही. ‘खाली बघू नकोस’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. ‘समोरच्या कातळाकडे बघ’ असे सांगायला हवे.

गंमत अशी, की फोटोत छातीत धडकी भरवणारा हा जिना डोळ्यांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोपा आहे. कातळ नाकासमोर हातभर अंतरावर असतो. खरी परीक्षा पुढे. दरवाजा ओलांडला की कातळाच्या कपारीतून वाकून जाणारी आडवी वाट लागते आणि तिच्या एका अंगाला नुसती दरी. जिना हसत चढलेलेही इथे गप्प होतात. इथे कातळाकडचा हात कातळावर ठेवावा, नजर पुढच्या पावलावर. सरकणारे ढग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहायचे असतील तर बसून पाहावेत. हलत्या गोष्टी डोळ्यांना आणखी फसवतात. पाठीवरची सॅक लहान हवी, मोठी कपारीला घासून ढकलते. पावसात निसरड्या झालेल्या पायऱ्या ही मात्र डोळ्यांची फसगत नव्हे. तो खराखुरा धोका आहे आणि तिथे माघार घेणेच शहाणपणाचे.

उतरण्याचा विचार बहुतेकांना माथ्यावर पोहोचल्यावर सुचतो. उतरताना तोंड कातळाकडे ठेवून, शिडीसारखे, पायाने पायरी चाचपावी लागते. त्यामुळे निर्णय पायथ्याशीच घ्यावा. सात-आठ पायऱ्या चढून तशाच उतरून पाहाव्यात. जमत नसेल तर खाली थांबावे, सोबत्यांनी चिडवू नये. सपाट जमिनीवरही गरगरत असेल, कानाचा विकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सवयीने ही भीती कमी होते, पण हरिहर ही सवय लावण्याची जागा नव्हे. जर्मन कवी गटे याने विद्यार्थी असताना स्ट्रासबर्गच्या चर्चच्या मनोऱ्यावर पुन्हापुन्हा चढून ती घालवली होती. आजचे मानसोपचारही त्याच वाटेने जातात, फक्त एकेक टप्प्याने. आधी इमारतीचा दुसरा मजला, कठडा धरून, धडधड आपोआप ओसरेपर्यंत, मग तिसरा. धडधड ऐन भरात असताना पळ काढला, तर पळालो म्हणून वाचलो, एवढेच मेंदू शिकतो.

आणि पायरीवर कुणी थिजलेच तर? वरच्यांनी आहे तिथेच थांबावे. एकाने, एकानेच, त्याच्या खालच्या पायरीवर राहून हळू आवाजात बोलावे. श्वास लांब सोडायला सांगावे, समोरच्या कातळावरची एखादी रेघ बघायला लावावी. मग पाय हाताने धरून पायरीवर टेकवावा: ‘आता उजवा... टेकला. आता डावा.’