नगरांचे परराष्ट्रसंबंध आणि सावित्रीकाठचे महाड

परराष्ट्रव्यवहार हा सार्वभौम राज्याचा अधिकार होय, असे राज्यशास्त्रात परंपरेने मानले जाते. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतही हा विषय संघसूचीत समाविष्ट आहे. तथापि विसाव्या शतकात नगरांनी परस्पर-सहकार्याची निराळी वाट निर्माण केली. १९१३ साली गेंट येथे स्थानिक संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘भगिनी-नगरां’ची प्रथा रूढ झाली, मुंबईचा असा संबंध १९६५ मध्ये योकोहामाशी व १९६८ मध्ये श्टुटगार्टशी जुळला. प्रारंभी या संबंधांचे स्वरूप बहुतांशी सांस्कृतिक होते. पुढे हवामानबदलासारख्या प्रश्नांमुळे त्यांस तांत्रिक सहकार्याचे रूप आले. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा हवामान कृती आराखडा ‘सी-४०’ या महानगरांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या साहाय्यानेच सिद्ध झाला.

महानगरांना साध्य झालेले हे सहकार्य लहान नगरांच्या उपयोगी कितपत पडेल, हा खरा प्रश्न होय. त्याचा विचार महाडच्या उदाहरणाने करता येईल.

महाडचा परिसर राजनीतीस अपरिचित नाही. १६७४ साली मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन जवळच्याच रायगडावर आला होता. १७९६ साली नाना फडणीस व निजाम यांच्यात झालेला तह ‘महाडचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. परंतु त्या तहात महाड हे केवळ स्थळ होते, पक्ष नव्हे. आजच्या आपत्तींच्या बाबतीतही त्याची स्थिती काहीशी तशीच आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडास येते व बाणकोटजवळ समुद्रास मिळते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. तालुक्यातील तळिये गावी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले.

महाडास पुराची पूर्वसूचना मिळावयाची, तर महाबळेश्वरचा पाऊस, पोलादपूरची नदीपातळी व बाणकोटची भरती या तिन्हींचा एकत्र विचार आवश्यक ठरतो. ही स्थळे मात्र सातारा, रायगड व रत्नागिरी अशा तीन जिल्ह्यांत विभागलेली आहेत. महाड नगरपरिषदेची हद्द शहरापुरती; नदीची हद्द त्याहून कितीतरी विस्तीर्ण. शिवाय नगरपालिकांच्या कार्यांची यादी देणाऱ्या संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय असले, तरी पूरनियंत्रणाचा स्वतंत्र उल्लेख नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपत्तिसक्षम नगरांसाठी संयुक्त राष्ट्रांनी चालविलेल्या उपक्रमात लहान नगरांनाही प्रवेश आहे. तेथून ज्ञान व अनुभव मिळू शकेल. परंतु योकोहामाचा अनुभव महाडास उपयोगी पडावा, यासाठी प्रथम पोलादपूरची वार्ता महाडास वेळेवर पोचावयास हवी. नगरांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचे मूल्य अखेरीस नदीच्या वरच्या व खालच्या गावांतील सहकार्यावरच अवलंबून राहते. महानगरांच्या करारांवरच दृष्टी खिळविणाऱ्या अभ्यासकांनी हा दुवा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.