चित्रकथेतील मोडकी भाषा

एखाद्या समाजाचे विडंबन असह्य होऊन वाचक जेव्हा चित्रकथामाला सोडून देतो, तेव्हा दोष बहुधा चित्रांना दिला जातो. परंतु पात्रांच्या तोंडी घातलेली भाषाही या त्यागाचे कारण असू शकते. बेल्जियन चित्रकार एर्जे याच्या टिनटिन-मालेतील काँगोविषयीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

ही कथा १९३०-३१ मध्ये ब्रुसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत क्रमशः प्रसिद्ध झाली. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होता. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जेने काही फेरफार केले. मूळ कथेत टिनटिन काँगोतील मुलांना ‘बेल्जियम हाच तुमचा देश’ असे शिकवितो. त्याऐवजी अंकगणिताचा पाठ आला. काँगोवासीयांची फ्रेंच मात्र मोडकी ती मोडकीच राहिली.

परभाषा बोलताना चुका व्हावयाच्याच, असे याचे समर्थन करता येईल. परंतु ते टिकत नाही. कथेच्या अखेरीस गावकरी आपापसांत बोलतात, तेही याच भाषेत. वास्तविक तेथे ते स्वभाषेतच बोलत असणार आणि लेखक ती फ्रेंचमधून ऐकवीत असणार. अर्थात हा मोडकेपणा फ्रेंचच्या अज्ञानाचा न राहता त्यांच्या बुद्धीचाच ठरतो. टिनटिनचा कुत्रा मिलू मात्र अस्खलित फ्रेंच बोलतो! वस्तुतः किकाँगो, चिलुबा या तेथील बांटू भाषांत नामांचे अनेक वर्ग असून त्यांच्या खुणा विशेषणांना व क्रियापदांनाही लागतात. मराठीच्या तीन लिंगांहून ही व्यवस्था अधिक विस्तृत आहे.

या पुस्तकाविरुद्ध बेल्जियममध्ये २००७ साली दाखल झालेली तक्रार २०१२ साली फेटाळली गेली. वंशद्वेष चेतविण्याचा हेतू न्यायालयास आढळला नाही. कायद्याच्या दृष्टीने हेतू निर्णायक असेल. वाचकापुढे असतो तो अर्थ, आणि तो हेतूच्या अभावीही उरतो.

मग संपूर्ण मालाच त्याज्य मानावी काय? ‘निळे कमळ’ (१९३४-३५) या कथेसाठी एर्जेने चांग चोंग-जेन या चिनी विद्यार्थ्याचे साहाय्य घेतले. तेथील चांग हा बालमित्र टिनटिनइतकीच शुद्ध भाषा बोलतो. भिंतींवरील चिनी अक्षरेही खरी आहेत. मालेचा त्याग करावा की केवळ एका पुस्तकाचा, हे प्रत्येकाने ठरवावे. परंतु पुस्तक मिटणाऱ्यास अतिसंवेदनशील म्हणणे योग्य नव्हे. त्याला बोचलेला अर्थ त्या वाक्यांच्या रचनेतच आहे.