कर तोच, प्रश्न वेगळा

पेट्रोलवरचा कर वाढवला की लोक चिडणारच, त्यात संशोधन काय करायचं? मलाही आधी असंच वाटायचं. मग कॅलिफोर्नियाचं २०१८ साल नीट वाचलं.

तिथे राज्याचा मूळ कर गॅलनमागे ठरावीक सेंट असतो, आपल्या व्हॅटसारखा टक्क्यांत नाही. म्हणजे तेव्हा महागाई वाढली तरी कर आपोआप वाढत नसे. १९९४ पासून तो १८ सेंटवरच होता. रस्ते मात्र झिजत राहिले. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाने 'एसबी १' कायदा करून त्यात १२ सेंटची भर घातली.

विरोध लगेच पेटला. वाढीच्या बाजूने मत देणारे सिनेटर जॉश न्यूमन यांना जून २०१८ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं. आता करवाढही जाणार असं वाटत असताना, नोव्हेंबरमध्ये ती रद्द करणारा प्रस्ताव ६ पडला. विरोधात सुमारे ५७ टक्के मतं!

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मतपत्रिका. प्रस्तावाचं शीर्षक राज्याच्या अॅटर्नी जनरलनी ठरवलं होतं आणि त्याची सुरुवात करापासून नव्हे, तर रस्तेदुरुस्तीचा निधी जाईल इथून होत होती. करविरोधकांनी यावर बराच आरडाओरडा केला. खरं सांगायचं तर त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

अर्थात सगळं श्रेय शीर्षकाला देता येणार नाही. न्यूमन यांचा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य नव्हे. आणि तेच न्यूमन २०२० मध्ये तिथूनच पुन्हा निवडून आले.