आजीचा अल्बम आणि माझा मोबाईल

दिवाळीच्या साफसफाईत बडोद्याच्या घरी आजीच्या ट्रंकेतून जुना अल्बम निघाला. त्यात तिच्या धाकट्या बहिणीचा एक कृष्णधवल फोटो होता, मागे शाईने १९६२ लिहिलेला. ती लहानपणीच गेली. तिचा दुसरा फोटो घरात नाही. चेहरा जरा पुसट झाला होता. मी मोबाईलने त्याचा फोटो काढला, एका ॲपमध्ये टाकला आणि बटण दाबलं. डोळे, पापण्या, केस, सगळं लख्ख! कौतुकाने आजीला दाखवायला गेलो. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण ही कोण?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तेव्हा हे मला आधीच कळायला हवं होतं. कागदावरून पुसला गेलेला तपशील ॲप परत आणू शकत नाही. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेलं ते अंदाजाने भरतं. म्हणजे नाक-डोळे सुंदर, पण दुसऱ्याच कुणाचे. मूळ फोटो जपलेला होता म्हणून निभावलं.

त्यानंतर अख्खा अल्बम नीट उतरवला. तुम्हालाही जमेल.

खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. चकचकीत कागदावर आपलीच सावली किंवा खिडकी दिसत असेल तर फोटोची दिशा थोडी बदला. मोबाईल फोटोला अगदी समांतर धरा, नाहीतर चौकोन तिरका येतो. फार जवळ न जाता थोडं वरून, २x लेन्स असेल तर तिने काढा. कडा वाकड्या होत नाहीत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानावरच टिपा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय ठेवा. ४ बाय ६ इंची फोटोची साधारण ८६ लाख पिक्सेलची फाईल मिळते.

फोटोची मागची बाजूही टिपायला विसरू नका. आमच्या एका फोटोमागे रावपुऱ्यातल्या स्टुडिओचा शिक्का निघाला.

एडिटिंग नेहमी कॉपीवर करा. कडा कापणं, उजेड आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढवणं, एवढं पुरतं. जुने रंगीत फोटो लालसर झाले असतील तर टिंट आणि टेम्परेचर सावकाश सरकवा. चेहऱ्याला मात्र हात लावू नका.

व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. एक प्रत क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. फाईलच्या नावातच वर्ष, प्रसंग आणि माणसांची नावं लिहा.

नावांसाठी मी दोन दुपारी आजीजवळ बसलो. ती सांगत होती, मी टाईप करत होतो. ८४ फोटोंपैकी ११ फोटोंतली माणसं तिलाही ओळखता आली नाहीत. "हे सगळं तुझ्या आजोबांना माहीत होतं," ती म्हणाली. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. तोवर अल्बम त्याच ट्रंकेत होता आणि माझ्या खिशात मोबाईलही होताच.