चित्राशी बोलणारी माणसे

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव इ. स. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. तलावाच्या काठी भगवती देवीचे मंदिर आहे. गरिबाघरी लग्नकार्य निघाले की देवीची प्रार्थना करून फुलांची परडी पाण्यात सोडावी आणि तळ्यातून दागिने वर यावेत; कार्य पार पडल्यावर ते पुन्हा तळ्याला अर्पण करावेत, अशी येथील आख्यायिका आहे. पुढे कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि दागिने येणे कायमचे थांबले. व्यापारी घरांना या कथेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. उसनवारी विश्वासावर चालते, आणि घेणाऱ्याने आपली बाजू पाळली तरच ती टिकते.

जिवंत नट आणि हाताने रेखाटलेले पात्र यांना एकाच चौकटीत आणणारे चित्रपटही अशाच उसन्या विश्वासावर उभे असतात. पडद्यावरचा ससा प्रत्यक्षात तेथे नव्हता, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही दोन घटका तो त्याला खरा मानतो. हा विश्वास राखण्याची जबाबदारी चित्रापेक्षा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर अधिक असते.

या प्रकाराची सुरुवात रंगमंचावर झाली. १९१४ मध्ये अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके आपल्या 'गर्टी' नावाच्या डायनोसॉरचे चित्र पडद्यावर दाखवीत आणि स्वतः बाजूला उभे राहून तिला आज्ञा करीत. ते तिच्याकडे फळ फेकल्याचा अभिनय करीत आणि पडद्यावरची गर्टी ते झेलून खाई. रागावले की ती रडे. शेवटी मॅके पडद्यामागे जात आणि त्याच क्षणी त्यांचे रेखाटलेले रूप तिच्या पाठीवर बसून निघून जाई. आपल्याकडे त्याच दशकात दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना हालचाल दिली होती.

पुढे तंत्र वाढत गेले. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये पदपथावर खडूने काढलेल्या चित्रात मुले उडी मारतात आणि आतल्या रंगीत जगात पोहोचतात. तेथे डिक व्हॅन डाइक चहा आणून देणाऱ्या पेंग्विनांबरोबर नृत्य करतो. सोडियम दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशाने उजळलेल्या पडद्यापुढे नटांचे चित्रीकरण करून त्यांच्या आकृती पार्श्वभूमीपासून अलग केल्या गेल्या आणि मग त्या चित्रांत बसवल्या गेल्या. या चित्रपटाला पाच ऑस्कर पुरस्कार मिळाले. लहान मुलांसह सर्व कुटुंबाने एकत्र पाहावा असा आजही तो आहे.

या परंपरेतील सर्वांत परिपूर्ण कृती म्हणून १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'चे नाव घेतले जाते. रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शक, तर अ‍ॅनिमेशनची धुरा रिचर्ड विल्यम्स यांच्याकडे होती. एका प्रसंगात नायकाचे डोके टांगलेल्या दिव्याला लागते, दिवा झुलू लागतो आणि रेखाटलेल्या सशावरची सावली त्या झोक्याबरोबर सरकत राहते. संगणकाची मदत जवळजवळ नसताना हे प्रत्येक चित्र हाताने काढावे लागले. तरी खरी किमया नट बॉब हॉस्किन्स यांची. समोर काहीच नसताना ससा दिसतो आहे असे पाहायचे कसे, हे ते आपल्या लहान मुलीकडून शिकले; ती आपल्या काल्पनिक सवंगड्यांशी कशी बोलते, याचे त्यांनी निरीक्षण केले. सशाला आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याबाहेर उभे राहून आपले संवाद प्रत्यक्ष बोलत, आणि तेही सशाचा वेष घालून!

याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की जो पाहून अनेक मुले व्याकूळ होतात. खलनायक एका चिमुकल्या, निरागस, रेखाटलेल्या बुटाला उचलतो आणि रसायनाच्या पिंपात बुडवून विरघळवून टाकतो. मोठी माणसे मुलाला म्हणतात, ''अरे, ते नुसते चित्र होते.'' जैन घरात हे वाक्य उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हवे.

कारण आपल्या परंपरेत यशोधर राजाची कथा आहे. दुःस्वप्नाचे अरिष्ट टळावे म्हणून माता चंद्रमती पशुबळीचा आग्रह धरते. राजा जिवंत प्राणी मारण्यास नकार देतो. परंतु तोड म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढे त्याचा बळी देतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही त्या कृत्यामागील हिंसेच्या भावामुळे माता आणि पुत्र या दोघांना अनेक जन्म पशुयोनीत यातना भोगाव्या लागतात. सोमदेवसूरींनी संस्कृतात आणि पुष्पदंत कवींनी अपभ्रंशात ही कथा सविस्तर मांडली आहे. प्रतिमा खोटी असली तरी तिच्याशी वागणाऱ्याचा भाव खरा असतो, हा तिचा निष्कर्ष. मग त्या विरघळणाऱ्या बुटासाठी डोळ्यांत पाणी आणणारे मूल भोळे नाही. त्याची करुणा जागी आहे. आणि कार्टूनमधील मारामारीला खदखदून हसण्याची सवय लागली, तर त्या हसण्याचाही विचार आईवडिलांनी केला पाहिजे.

चित्र आणि जिवंत माणूस यांची ही जोडी धामापूरच्या परिसराला नवी नाही. कुडाळजवळील पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रे एकत्र ठेवली की तिला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी वीणेच्या साथीने आख्यान गातो आणि एकेक चित्र पुढे करतो. सोबत हुडूक आणि टाळ वाजतात. चित्र स्थिरच असते, ते आवाजाने हलू लागते. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली ही कला चित्रपट आणि दूरचित्रवाणी आल्यावर मागे पडली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभारून ती सांभाळली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथील छायाबाहुल्या चामड्याच्या असतात, ही गोष्ट जैन पाहुण्याला खटकणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रकथीच्या पोथ्या कागदाच्या आणि कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असतात.

जैन आगमांनाही असा चित्र दाखवणारा माणूस परिचित होता. भगवतीसूत्रातील गोशालकाचा पिता मंखली हा 'मंख' होता, म्हणजे हाती चित्रफलक घेऊन भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारा. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते तेव्हा सचित्र पोथीतील चित्रे श्रावकांना दाखवण्याची रीत आहे. तेथेही चित्राच्या जवळ वाचणारा असतोच.

आज मुलाच्या हातात मोबाइल आहे. त्यावर चित्रे अगणित आहेत, पण चित्रापाशी बसून बोलणारे माणूस राहिलेले नाही. २००७ च्या 'तारे जमीन पर'मध्ये छोटा ईशान गणिताच्या पेपरात तीन गुणिले नऊ सोडवताना अंतराळात शिरतो. तिसरा ग्रह पृथ्वी नवव्या प्लूटोवर आदळतो, प्लूटो फुटतो आणि ईशान उत्तर लिहितो, तीन. त्याच्या मनातील ती चित्रे घरात कोणी पाहिली नव्हती. ती पाहणारा एक शिक्षक भेटला आणि मुलाचे आयुष्य सावरले.

दुकान वाढवण्याच्या वेळी थकून आलेल्या वडिलांना मुलाबरोबर सबंध चित्रपट पाहणे कठीण वाटेल. परंतु सुटीच्या दिवसांत 'मेरी पॉपिन्स' लहानांबरोबर आणि 'रॉजर रॅबिट' थोड्या मोठ्या मुलांबरोबर बसून पाहता येईल. कोकणात जाणे झालेच, तर धामापूरचा तलाव पाहून पिंगुळीला वाट वाकडी करावी, चित्रकथी ऐकावी आणि जमल्यास एखादे चित्र विकत घ्यावे. घरी आल्यावर त्या चित्रातील कथा मुलालाच सांगावयास लावावी. मूल चित्रावर पूर्ण विश्वास टाकून बसलेले असते. त्याच्या शेजारची जागा मोठ्यांनी रिकामी ठेवू नये.