आचारी, आचार्य आणि आपला संगणक



लेखाची सुरुवात दिलगिरीने करावी लागत आहे. मागच्या अंकात मधल्या वर्गातील एका मैत्रिणीने कोल्हापूरच्या लग्नावर सुंदर निबंध लिहिला होता. त्यात 'आचाऱ्यांनी मोठ्या पातेल्यात मसालेभात ढवळला' असे वाक्य होते. छापून मात्र आले 'आचार्यांनी'. आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा आणि आचार्य म्हणजे गुरू. अंक तिकडे पोचल्यावर आजोबांनी फोनवर विचारले, "काय गं, तुमच्या लग्नात गुरुजींनाच चुलीपुढे बसवलं होतं का?" घरात सगळे हसले, पण ती रुसली. "मी बरोबर लिहिलं होतं," असे ती आम्हाला म्हणाली. आम्ही वही काढून पाहिली. तिचे बरोबर होते, चूक आमचीच होती.

ही चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, ते या लेखात सांगत आहोत. पुढचा अंक लावण्याची पाळी कोणावरही येऊ शकते, म्हणून पालकांनी हे पान जपून ठेवावे.

आपल्या वर्गातला संगणक जुना आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नवी आवृत्ती त्या यंत्रावर चालेना. म्हणून आम्ही त्यावर लिनक्स घातले. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरे चालते. एका पालकांनी त्यात 'मुक्त' हा मराठी फॉन्ट बसवून दिला. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेला हा फॉन्ट कोणालाही मोफत वापरता येतो. इथपर्यंत सारे ठीक होते.

फॉन्ट म्हणजे काय? मुलांनो, फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांची पेटी. संगणक 'क' हे अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. ते कसे दिसायचे हे फॉन्ट सांगतो. मराठीसाठी नुसती चित्रे पुरत नाहीत, जोडण्याचे नियमही लागतात. 'क' आणि 'ष' एकत्र आले की 'क्ष' करायचा, 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, असे ते नियम असतात. आपला 'ऱ्या' असाच एका नियमाने तयार होतो. लिनक्सवर हे नियम वाचून अक्षरे जोडण्याचे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याचे नाव 'मोकळे अक्षर' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून घेतलेले आहे.

आता आमची फजिती ऐका. त्या पालकांनी फॉन्ट बसवला तो स्वतःच्या खात्यात. अंक लावला गेला वर्गाच्या खात्यातून. एकाच यंत्रावर दोन खाती म्हणजे एकाच घरात दोन कपाटे. एका कपाटातली वस्तू दुसऱ्यात सापडत नाही. संगणकाला 'मुक्त' मिळाला नाही, तेव्हा त्याने तक्रार न करता दुसराच फॉन्ट लावला. वाण्याकडची तूरडाळ संपली आणि त्याने न सांगता मूगडाळ बांधून दिली, तसे झाले. त्या दुसऱ्या फॉन्टमध्ये 'ऱ्या'चा नियम नव्हता. त्यामुळे कागदावर र, त्याच्याखाली टिंब, मग पाय मोडल्याची खूण आणि पुढे 'या' असे तुकडे दिसू लागले. रात्रीचे अकरा वाजले होते. आमच्यापैकी एकाला ते चुकीचे वाटले आणि त्याने घाईत 'र्या' करून टाकले. यंत्राचा दोष झाकण्यासाठी आम्ही मुलीचा शब्द बदलला!

लिनक्सवर कोणता फॉन्ट कुठे आहे याची नोंद फॉन्टकॉन्फिग नावाची व्यवस्था ठेवते. आपण ज्या लिबरऑफिसमध्ये लिहितो आणि ज्या स्क्रायबसमध्ये पाने लावतो, ते दोन्ही प्रोग्रॅम तिलाच विचारतात. म्हणून फॉन्ट तिच्या नोंदीत आणणे हेच मुख्य काम. पायऱ्या अशा आहेत. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत लिहाव्यात.)

पहिली पायरी : फॉन्टची फाइल योग्य जागी ठेवणे. फक्त स्वतःसाठी हवा असेल तर आपल्या घराच्या फोल्डरात 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' या फोल्डरात ठेवावी. शेवटचा फोल्डर नसेल तर तयार करावा. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात. बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि एच दाबले की दिसतात. सर्व खात्यांसाठी हवा असेल तर 'यूएसआर', 'लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' या क्रमाने आत जाऊन तिथे ठेवावी. त्यासाठी मुख्य पासवर्ड लागतो. वर्गाच्या संगणकासाठी हीच जागा योग्य. फाइल सर्वांना वाचता येते ना, तेही पाहावे. कुलूप लावलेले पुस्तक ग्रंथालयात असून काय उपयोग?

दुसरी पायरी : नोंद ताजी करणे. टर्मिनल उघडून 'एफसी-कॅश' ही आज्ञा द्यावी. पुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि एफ लिहिले तर सगळी नोंद नव्याने होते.

तिसरी पायरी : खात्री करणे. 'एफसी-लिस्ट', मग जागा सोडून कोलन, लँग, बरोबरचे चिन्ह आणि एमआर असे लिहिले की मराठी लिहू शकणाऱ्या फॉन्टची यादी येते. एमआर ही मराठीची आंतरराष्ट्रीय खूण आहे. नंतर 'एफसी-मॅच' लिहून पुढे फॉन्टचे नाव द्यावे. उत्तरात तेच नाव आले तर ठीक. भलतेच नाव आले तर समजावे की मूगडाळ मिळते आहे. आम्ही ही एक आज्ञा दिली असती, तर आजोबांचा फोन आला नसता.

चौथी पायरी : लिबरऑफिस किंवा स्क्रायबस उघडे असेल तर बंद करून पुन्हा उघडणे. फॉन्टची यादी हे प्रोग्रॅम सुरू होतानाच वाचतात. स्क्रायबस वापरणाऱ्यांनी आवृत्तीही पाहावी. जोडाक्षरे नीट जोडण्याची सोय त्यात २०१७ सालच्या १.५.३ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्तीत फॉन्ट कितीही चांगला असला तरी देवनागरी मोडकीच दिसते.

आता छपाईकडे वळू. पडद्यावर बरोबर दिसले म्हणजे कागदावर बरोबर येईलच असे नाही. आपण अंकाची पहिली प्रत दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर छापून मग झेरॉक्स काढतो. त्या यंत्रात आपला फॉन्ट नसतो. म्हणून लिहिलेली मूळ फाइल तिकडे कधीही नेऊ नये. तिची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये लागणारी अक्षरे फाइलच्या पोटातच भरता येतात आणि लिबरऑफिस ती आपणहून भरते. प्रवासाला निघताना डबा सोबत नेला की वाटेत खानावळ शोधावी लागत नाही, तसेच हे. डबा भरला आहे की नाही ते पाहायला 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा आहे. पुढे फाइलचे नाव द्यावे. 'ईएमबी' या स्तंभात प्रत्येक फॉन्टपुढे 'येस' हवे. एका जरी ओळीत 'नो' असेल तर छापायला जाऊ नये.

जुन्या फायलींत कधी डबा रिकामा असतो. लिनक्सवर अशी फाइल छापण्याचे काम बरेचदा घोस्टस्क्रिप्टकडे येते. तो फॉन्ट शोधू लागतो. 'जीएस फॉन्टपाथ' नावाच्या व्यवस्थेने (दोन शब्दांमध्ये खालची रेघ आणि सर्व अक्षरे मोठी) त्याला आपला फोल्डर दाखवता येतो. पण तो अक्षरे छापतो, जोडत नाही. जोडकाम आधीच झालेले असावे लागते. म्हणून मराठीसाठी भरलेला डबाच बरा.

आणखी एक सूचना. ॲप, ॲन यांतला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो. तसेच १९९० च्या दशकातले अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रे ठेवत. ते फॉन्ट नसतील तर त्या काळातली फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो.

मुलांनो, आता तुमचे काम. पुढच्या अंकापासून छापण्याआधी एक चाचणीची ओळ काढायची आहे : 'आचाऱ्यांनी आचार्यांना श्रीखंड वाढले, कृष्णाने ट्रॅक्टर, ॲप आणि दृष्टी हे शब्द बाळाला शिकवले, विद्यार्थी हसले.' ती ओळ मोठ्याने वाचून प्रत्येक अक्षर वहीशी ताडून पाहायचे. हे काम आम्ही त्या रुसलेल्या मैत्रिणीकडेच सोपवले आहे आणि तिने ते आनंदाने घेतले आहे. तिचा निबंध या अंकात दुसऱ्यांदा, जसा लिहिला तसा छापत आहोत.

आणि आम्ही मोठ्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम असा : कागदावर अक्षर मोडले तर आधी यंत्र तपासायचे. मुलांच्या शब्दाला हात लावायचा नाही.