कथा विकू नये, कापड विकावे
हौशी जिल्दसाजीचा नवा बाजार आणि त्याची लक्ष्मणरेषा

जिल्दसाजीचा धंदा संपला, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. लाल कापडाच्या खातेवह्यांची जागा संगणकाने घेतली, शाळेची पुस्तके बांधून घेणारेही कमी झाले. परंतु अमेरिका आणि युरोपात २०२० च्या टाळेबंदीपासून एक वेगळाच गिऱ्हाईक वर्ग उभा राहिला आहे. हे लोक घरी बसून स्वतःच्या हाताने पुस्तके शिवतात. आणि तीही अशी, जी कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

ही पुस्तके कोणती?

गाजलेल्या कादंबरीतील पात्रे घेऊन वाचकच पुढची कथा लिहितात, तिला तिकडे ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. उर्दू वाचकांना हा प्रकार नवा नाही. इब्ने सफी १९६० ते १९६३ या काळात आजारी होते, तेव्हा त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून इम्रानच्या नकली कादंबऱ्यांनी बाजार भरून गेला होता. फरक एवढाच की, ते कमाईसाठी होते आणि हे चाहते कवडीही घेत नाहीत. अशा कथांचा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ नावाचा मोठा संग्रह आहे. तो चालवणारी संस्था २००७ साली स्थापन झाली. ती नफा कमवत नाही आणि तिचे काम स्वयंसेवक करतात. २०१९ साली या संग्रहाला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

आवडलेली कथा कायम कपाटात राहावी म्हणून वाचक ती छापून एक प्रत स्वतःसाठी बांधतो. काही जण दुसरी प्रत लेखकाला भेट पाठवतात.

काम कसे होते?

ए-फोर कागदाच्या प्रत्येक बाजूस दोन पाने छापतात. असे चार कागद एकात एक घालून दुमडले की सोळा पानांचा फर्मा होतो. तीनशे पानांच्या पुस्तकाला एकोणीस फर्मे लागतात. दाभणाने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने ते शिवतात. मग पुठ्ठा आणि त्यावर कापड.

कापडाची गोष्ट आपल्या धंद्याची आहे. साधे सुती कापड थेट पुठ्ठ्यावर चिकटवले तर खळ वर फुटते आणि डाग पडतो. म्हणून कापडाच्या पाठीला आधी पातळ कागदाचे अस्तर लावावे लागते. ताणा पुस्तकाच्या पाठीच्या दिशेने उभा ठेवावा. त्या हिशेबाने चव्वेचाळीस इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये या आकाराच्या सहा जिल्दा निघतात. कटपीस म्हणून पडून राहिलेला मालही येथे उपयोगी पडतो.

हौस कोठे संपते?

या मंडळींचा दंडक कडक आहे. बांधलेली प्रत विकायची नाही. दुसऱ्यासाठी बांधून मजुरी घेणेही त्यांच्यातील पुष्कळांना मान्य नाही. कारण पात्रे मूळ लेखकाची, कथा चाहत्याची. दोघांपैकी एकानेही विकण्याची परवानगी दिलेली नसते. तरीही काहींनी लोकप्रिय कथांच्या प्रती काढून त्यांचा धंदा मांडला. हॅरी पॉटरच्या पात्रांवरील ‘मॅनॅकल्ड’ ही कथा त्यात विशेष सापडली. तिच्या बेकायदा प्रती विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा लेखकापुढे कायद्याचे पेच उभे राहिले. २०२४ च्या अखेरीस ती कथा मागे घेण्यात आली. पुढे पात्रे व जग बदलून २०२५ साली ‘अल्केमाइज्ड’ ही स्वतंत्र कादंबरी रीतसर प्रसिद्ध झाली. चार जणांच्या लोभापायी सर्वांना फुकट मिळणारी कथा गेली, हा यातला धडा.

आपल्याकडचा कायदा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या वाजवी वापराला सूट देते. वाजवी काय, हे मात्र प्रकरण पाहून ठरते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. म्हणजे कायदाही धंदा आणि हौस यांत भेद करतो.

म्हणून कारागीर बांधवांनी एवढे लक्षात ठेवावे. कोणी कथेचा कागदी गठ्ठा घेऊन आला तर किती प्रती आणि कोणासाठी, हे आधी विचारावे. स्वतःच्या कपाटासाठी एक प्रत, ही गोष्ट वेगळी. पन्नास प्रती म्हणजे माल झाला, तो परत करावा. आपल्याकडे जादा प्रत ठेवू नये. शंका असेल तेथे वकिलाला विचारावे.

कमाईची वाट दुसरीकडे आहे आणि ती स्वच्छ आहे. अस्तर लावलेले कापड मापाने कापून द्या. पुठ्ठा, दोरा, मेण, दाभण यांचा संच करा. कोऱ्या वह्या बांधा. जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करा. शिलाई शिकवून फी घ्या. आपल्या हाताला जी अक्कल आहे तिचे दाम घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने विनामोल दिलेल्या वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावणे, हा मात्र व्यापार नव्हे.